पूलमध्ये रॅक लावणे आणि ब्रेक मारणे: क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

ब्रेक, म्हणजे डावातला पहिला फटका, बिघडला की दोष हाताला दिला जातो. जोर कमी पडला म्हणून पुढच्या वेळी आणखी जोरात मारलं जातं, पांढरा (ज्याला क्यूने, म्हणजे काठीने, मारतात तो बॉल) टेबलाबाहेर उडतो आणि समोरचा बॉल इन हँड (पांढरा हवा तिथे ठेवून खेळायची मुभा) घेऊन टेबल साफ करतो. बहुतेक वेळा गडबड त्याआधीच झालेली असते: रॅकमध्ये, म्हणजे ब्रेकसाठी रचलेल्या बॉलच्या मांडणीत, फट असते, नाहीतर पांढरा टोकाच्या बॉलवर पूर्ण बसलेला नसतो. म्हणून या लेखात जोर सगळ्यांत शेवटी येतो. क्रम असा: कापड, बॉल, मांडणी, दाबणे, तपासणे, पांढऱ्याची जागा, नेम, मग जोर. मधली पायरी गाळली तर पुढची कितीही घोटली तरी फरक पडत नाही.

मापं ९ फुटी टेबलाची आहेत. त्याचा खेळायचा भाग १०० x ५० इंच असतो. ८ फुटी टेबलावर अंतरं कमी होतात, पद्धत तीच राहते.

१. शब्द आणि रेषा आधी नक्की करा

ज्या बाजूने ब्रेक मारतात ती हेड रेल, रॅक लागतो त्या बाजूची फूट रेल. हेड रेलपासून लांबीच्या पाव अंतरावरची आडवी रेषा म्हणजे हेड स्ट्रिंग, तिच्या मागचा भाग किचन. फूट रेलच्या कुशनपासून तितक्याच, म्हणजे २५ इंच अंतरावर फूट स्पॉट असतो. दोन्ही बाजूंच्या लांब रेलवरचे, हेड रेलकडून दुसरे डायमंड (रेलवरच्या खुणा) जोडले की हेड स्ट्रिंग मिळते. टेबलावर रेषा आखलेली नसेल तर सामन्याआधी दोघांनी मिळून ती ठरवून घ्या, नंतर वाद नको.

पांढरा किचनमध्ये आहे की नाही हे त्याच्या कडेवरून ठरत नाही. बॉल कापडाला जिथे टेकतो तो बिंदू रेषेच्या मागे हवा. बिंदू बरोबर रेषेवर असेल तर तो आत धरत नाहीत. पुढे सरकायच्या मोहात ब्रेकलाच फाउल देणारे खेळाडू कमी नाहीत.

२. कापड आणि बॉल: पाच मिनिटांची तयारी

रॅक जिथे लागतो तो चौरस आधी ब्रश करा. कापडावर चॉकची (क्यूच्या टोकाला लावतात त्या खडूची) पूड, धागा किंवा नखाएवढी चुरगळ असली तरी एक बॉल केसभर उचलला जातो आणि शेजाऱ्यापासून सुटतो. ब्रश फूट रेलच्या दिशेने सरळ फिरवा, गोल गोल घासू नका.

मग फूट स्पॉट हाताने चाचपा. चिकटवलेला काळा ठिपका जुना झाला की त्याच्या कडा उचलल्या जातात आणि टोकाचा बॉल तिथे डुगडुगतो. ठिपका बदलता येत असेल तर बदला. नाहीतर टोकाचा बॉल नेमका कुठे स्थिर राहतो ते पाहून दोघांच्या संमतीने तीच जागा पक्की करा.

बॉल एकाच संचातले हवेत. पूलच्या बॉलचा व्यास ५७.१५ मिलिमीटर, वजन १५६ ते १७० ग्रॅम. क्लबमध्ये हरवलेला बॉल दुसऱ्या संचातून भरलेला असतो आणि तिथेच घोटाळा होतो. अर्ध्या मिलिमीटरने लहान बॉल रॅकच्या मध्ये आला तर त्याच्याभोवतीच्या सगळ्या जोडण्या सैल होतात, मग कितीही दाबा. शंका आली तर तीन बॉल एका ओळीत चिकटवून ठेवा आणि वरून सपाट पट्टी धरा. मधला लहान असेल तर पट्टीखालून उजेड दिसतो.

स्नूकर आणि पूल एकाच हॉलमध्ये असेल तर ट्रँगल (बॉल रचायची त्रिकोणी चौकट) कोणता ते बघून घ्या. स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटरचा, त्याच्या ट्रँगलमध्ये पूलचे १५ बॉल मावतच नाहीत, त्यामुळे तो प्रश्न लगेच कळतो. वाकलेला लाकडी ट्रँगल मात्र कळत नाही. तो सपाट काचेवर किंवा टेबलावरच ठेवा आणि एक कोपरा दाबा. दुसरा उचलला गेला तर तो ट्रँगल बाजूला काढा.

पावसाळ्यात मुंबई, कोकण किंवा गोव्यात एसी नसलेल्या हॉलमध्ये कापड ओलसर, जड होतं. बॉल नेहमीपेक्षा लवकर थांबतात, चॉक सादळतो. अशा दिवशी बॉल कोरड्या मऊ फडक्याने पुसा, चॉकचा कोरडा तुकडा खिशात ठेवा आणि ब्रेकनंतर बॉल कमी पसरणार हे गृहीत धरा. त्याची भरपाई जोर वाढवून करू नका, कारण ते का फसतं ते नवव्या टप्प्यात येतं.

*तपासणी: बॉलवर बोटाचे ठसे किंवा चॉकचे निळे डाग दिसत असतील तर अजून रॅककडे वळू नका.*

३. कोणता बॉल कुठे

प्रकारानुसार मांडणी बदलते, आणि सरावातली सवय स्पर्धेत नेल्यामुळे इथे चुका होतात.

८-बॉलमध्ये १५ बॉलचा त्रिकोण, टोक फूट स्पॉटवर. ८ तिसऱ्या रांगेच्या मध्यावर. मागच्या दोन कोपऱ्यांपैकी एकात सॉलिड (एकरंगी), दुसऱ्यात स्ट्राइप (पट्टेवाला). बाकीचे कुठेही, पण मुद्दाम रचून नाहीत. एक सॉलिड एक स्ट्राइप असा चेकबोर्ड करायची गरज नाही. तो करण्यात वेळ जातो आणि बॉल उगाच हाताळले जातात.

९-बॉलमध्ये शंकरपाळ्याच्या आकाराचा रॅक, रांगा १-२-३-२-१ अशा. १ नंबर टोकाला, ९ बरोबर मध्ये. पारंपरिक पद्धतीत १ फूट स्पॉटवर असतो. मॅचरूम या आयोजकाच्या मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत मात्र ९ स्पॉटवर ठेवलेला दिसतो. त्यामुळे अख्खा रॅक दोन रांगा, म्हणजे सुमारे १० सेंटीमीटर हेड रेलकडे सरकतो. कारण साधं आहे. १ स्पॉटवर आणि रॅक घट्ट असला की मधल्या रांगेच्या कडेचे दोन बॉल, म्हणजे विंग बॉल, फूट रेलच्या कोपऱ्याच्या पॉकेटकडे जवळजवळ ठरल्यासारखे जातात. रॅक पुढे सरकला की ते पॉकेटच्या अलीकडे लांब कुशनवर आदळतात.

१०-बॉलमध्ये चार रांगांचा त्रिकोण. १ टोकाला फूट स्पॉटवर, १० तिसऱ्या रांगेच्या मध्यावर, २ आणि ३ मागच्या दोन कोपऱ्यांत.

ब्लॅकबॉल म्हणजे छोट्या टेबलावरचा लाल-पिवळ्या बॉलचा ब्रिटिश प्रकार, तो वेगळा खेळ आहे. त्यात काळा बॉल स्पॉटवर असतो. तिथून आलेले खेळाडू ८-बॉलचा रॅक सवयीने पुढे सरकवून लावतात.

स्वतःचा रॅक स्वतः लावायचा असेल तर ९-बॉल आणि १०-बॉलमध्ये उरलेले बॉल आपल्या सोयीच्या क्रमाने लावू नका. पंच ते खेळभावनेविरुद्ध धरतात. बॉल हाताला येतील तसे टाका.

४. ट्रँगलने रॅक लावणे

हात धुतलेले, कोरडे हवेत. क्रम असा:

१) ट्रँगल फूट स्पॉटच्या थोडा मागे ठेवा. बॉल आत घाला, ठरलेल्या जागांचे आधी.

२) ट्रँगल कापडाला टेकवूनच पुढे आणा. टोकाचा बॉल स्पॉटच्या दोनतीन सेंटीमीटर पुढे जाऊ द्या, मग मागे घेत स्पॉटवर थांबवा. एकदाच. पाचसहा वेळा पुढे-मागे घसरवलं तर बॉल फिरत राहतात आणि स्थिर होत नाहीत.

३) दोन्ही हातांची बोटं ट्रँगलच्या मागच्या पट्टीच्या आत, मागच्या रांगेच्या पाठीमागे घाला. सगळे बॉल एकत्र टोकाकडे ढकला. दाब मागच्या रांगेच्या प्रत्येक बॉलवर पडला पाहिजे. दोनच बोटांनी मध्ये दाबलं तर कोपरे सुटतात, रॅक सैल राहण्याचं हे सगळ्यांत नेहमीचं कारण.

४) दाब धरून एक श्वास थांबा, मग बोटं एकाच वेळी सोडा. एक हात आधी काढला तर ती बाजू मागे सरकते.

५) आता बॉल ट्रँगलच्या पुढच्या दोन्ही बाजूंना टेकलेले आहेत. ट्रँगल हेड रेलकडे दोनतीन मिलिमीटर सरकवा, म्हणजे बाजू बॉलपासून सुटतील. मागच्या पट्टीपाशी बोटांएवढी जागा आहे, त्यामुळे पट्टी मागच्या रांगेला लागत नाही. मग ट्रँगल सरळ वर उचला.

बॉल सुटलाच तर त्याला एकट्याला बोटाने ढकलून बसवू नका. तो एका शेजाऱ्याला टेकतो आणि दुसऱ्यापासून दूर जातो. ट्रँगल परत घाला आणि सगळा रॅक पुन्हा दाबा.

*इशारा: बॉलवर दुसऱ्या बॉलने ठोकून तो कापडात बसवायचा नाही. ठोकल्यावर बॉल जागेवर राहतो खरा, पण कापडात खळगा पडतो. तो खळगा पुढच्या प्रत्येक रॅकला एका बाजूला ओढतो आणि हळू जाणारे बॉल वळवतो. जागतिक पूल संघटनेच्या नियमावलीतही ठोकणं टाळून कापड नीट ब्रश करायला सांगितलं आहे.*

५. टेम्प्लेटने रॅक लावणे

पातळ प्लॅस्टिकच्या भोकांच्या टेम्प्लेटने रॅक जवळजवळ नेहमीच घट्ट बसतो, म्हणून अनेक स्पर्धांत तोच वापरतात. चूक होते ती टेम्प्लेट ठेवताना. तो गुंडाळून खिशात ठेवलेला असतो, त्यामुळे कडा वळलेल्या असतात. आधी तो टेबलावर उलटा दाबून सपाट करा. टोकाचं भोक फूट स्पॉटवर, किंवा नियम तसा असेल तर मधलं भोक स्पॉटवर, आणि टेम्प्लेटची मधली रेघ हेड रेल व फूट रेलच्या मधल्या डायमंडशी एका ओळीत. मग आधी टोकाचा बॉल, नंतर एकेक रांग. सगळे बसल्यावर बाहेरून तळव्यांनी हलकासा दाब द्या.

ब्रेकनंतर टेम्प्लेट लगेच काढा. एखादा बॉल त्यावर येऊन थांबला असेल तर बॉल न हलवता काढता येतो का ते पाहा, नाहीतर पंचाला बोलवा. पंच बॉलची जागा खूण करून टेम्प्लेट काढतात. स्वतः बॉल उचलून परत ठेवला तर फाउलचा वाद होतो, आणि तो बहुधा उचलणाराच हरतो.

६. रॅक तपासणे

हा टप्पा सगळ्यांत जास्त गाळला जातो. समोरून एक नजर टाकून "टाइट आहे" म्हणतात. समोरून फक्त टोक आणि दुसरी रांग दिसते.

८-बॉलच्या पूर्ण रॅकमध्ये बॉलच्या एकमेकांशी ३० जोडण्या असतात, १०-बॉलमध्ये १८, ९-बॉलमध्ये १६. सगळ्या तपासायची गरज नाही, पण तीन ठिकाणं तपासलीच पाहिजेत:

टोकाचा बॉल आणि त्याच्या मागचे दोन बॉल. यातली एक जोडणी उघडी असेल तर धक्का एकाच बाजूने जातो, रॅक तिरका फुटतो आणि टोकाचा बॉल अपेक्षेपेक्षा वेगळीकडे जातो.

९-बॉलमध्ये विंग बॉल. तो आपल्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही बॉलना टेकलेला हवा. नसेल तर कोपऱ्याच्या पॉकेटात जाणारा बॉल आधी शेजाऱ्यावर आपटतो.

मागच्या रांगेचे कोपरे. ८-बॉलमध्ये हेच सैल राहतात.

बघायचं कसं? कंबरेत वाका, डोळे बॉलच्या उंचीला आणा आणि तीन बाजूंनी बघा: हेड रेलकडून नाही, तर फूट रेलकडून आणि रॅकच्या दोन्ही तिरक्या बाजूंनी. दोन बॉल टेकलेले असतील तर त्यांच्यामध्ये उजेडाची रेघ दिसत नाही. फट असेल तर पातळ, तीक्ष्ण पांढरी चीर दिसते. मोबाइलचा टॉर्च रॅकच्या पलीकडे कापडावर धरला तर केसाएवढी फटही चटकन दिसते. स्पर्धेत टॉर्च लावायची पद्धत नसली तरी सरावात लावा. चारपाच दिवसांत डोळा तयार होतो.

मग सरळपणा. फूट रेलच्या मधल्या डायमंडमागे उभे राहा. ८-बॉलमध्ये टोकाचा, ८ नंबरचा आणि मागच्या रांगेच्या मधला असे तीन बॉल हेड रेलच्या मधल्या डायमंडशी एका ओळीत दिसले पाहिजेत. रॅक टोकाभोवती नुसता ३ अंश फिरला तर मागच्या रांगेचा मधला बॉल जवळपास १ सेंटीमीटर बाजूला जातो. एवढं डोळ्याला दिसतं, फक्त बघायला हवं.

*तपासणी: प्रतिस्पर्ध्याने रॅक लावला असेल तर बघायचा हक्क ब्रेक मारणाऱ्याला असतो. फट दिसली तर पुन्हा लावायला सांगा, पण कुठे फट आहे ते बोटाने दाखवा. नुसतं "नीट लाव" म्हटलं की भांडण होतं. दोनदा सांगूनही जमत नसेल तर पंच.*

७. पांढऱ्याची जागा

ब्रेकची जागा खेळावर अवलंबून असते.

९-बॉल आणि १०-बॉलमध्ये पांढरा पहिल्यांदा १ लाच लागला पाहिजे. बहुतेक खेळाडू मधून न मारता एका बाजूने मारतात. उजवीकडून आलेला पांढरा १ ला डावीकडे ढकलतो आणि १ रॅकवर उसळून डाव्या मधल्या पॉकेटकडे जातो. डावीकडून मारलं तर उलट. पण काही स्पर्धांत ब्रेक बॉक्स आखलेला असतो. मग पांढरा हेड स्ट्रिंगच्या मागच्या मधल्या पट्ट्यातच ठेवावा लागतो आणि लांब रेलला चिकटून मारता येत नाही. बॉक्समधून मारताना १ ला किंचित कापून मधल्या पॉकेटकडे पाठवायचा हे आज बऱ्याच खेळाडूंचं पहिलं लक्ष्य असतं.

८-बॉलमध्ये दोन रस्ते. एक, मधून किंवा थोडं बाजूने टोकाच्या बॉलवर पूर्ण. दुसरा म्हणजे सेकंड बॉल ब्रेक: पांढरा लांब रेलपासून १० ते १५ सेंटीमीटरवर, त्याच बाजूच्या दुसऱ्या रांगेच्या बॉलवर जवळजवळ पूर्ण, आणि टिप (क्यूचं टोक) खाली, म्हणजे ड्रॉ (मागे फिरणारी फिरकी) देऊन. पांढरा जवळच्या कुशनला लागून मध्याकडे परत येतो आणि ८ जास्त हलतो. जमला तर चांगला, पण धोका मोठा. टोकाचा बॉल आधी चाटला तर पांढरा कोपऱ्याच्या पॉकेटात जातो. काही लीगमध्ये टोकाच्या किंवा दुसऱ्या रांगेच्या बॉललाच मारायची अट असते, म्हणून आधी विचारा. टोकाच्या बॉलचा ब्रेक दहापैकी आठ वेळा मनासारखा बसत नाही तोवर सेकंड बॉलकडे जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पांढरा रेलच्या फार जवळ ठेवू नका. हेड रेलच्या कुशनला चिकटवला तर क्यूचा मागचा भाग वर उचलावा लागतो, आणि पुढची सगळ्यांत मोठी गडबड तिथूनच सुरू होते.

८. पांढरा उडतो का?

ब्रेकमध्ये क्यू जवळजवळ नेहमीच रेलच्या वरून जातो, म्हणून तो थोडा तिरका असतो. टिप पांढऱ्याला पुढे ढकलतेच आणि थोडी खालीही दाबते. स्लेटवर (कापडाखालच्या दगडी पाटीवर) दाबलेला पांढरा उसळी घेतो. हवेत असताना तो टोकाच्या बॉलवर आदळला तर मध्याच्या वर बसतो आणि टेबलाबाहेर जातो. पुढच्या टेबलावर आदळलेला पांढरा कुणालाच आवडत नाही.

तपासायची सोपी रीत: मोबाइल टेबलाच्या उंचीला, बाजूने, स्लो मोशनवर ठेवा. तीन ब्रेक मारा. पांढरा आणि कापड यांच्यामधली सावली बघा. सावली पांढऱ्यापासून सुटलेली दिसली तर तो हवेत आहे. तो टोकाजवळ उतरत असेल तर ठीक, वर चढत असेल तर नाही.

उपाय क्रमाने, एकेक करून:

क्यूचा मागचा भाग खाली आणा, रेलला जवळजवळ घासेल इतका.
पांढरा हेड रेलपासून दूर, हेड स्ट्रिंगच्या जवळ आणा.
ब्रिजचा हात (ज्यावर क्यू टेकवतात तो) रेलवर असेल तर शक्य तिथे कापडावर घ्या.
टिप पांढऱ्याच्या मध्यावर ठेवा. खूप खाली मारलं तर उसळी वाढते.

दोन उपाय एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

९. नेम आणि जोर

हेड स्ट्रिंगवरून टोकाच्या बॉलपर्यंत अंतर सुमारे १.२ मीटर. नेमात फक्त १ अंशाची चूक झाली तर पांढरा २ सेंटीमीटरहून जास्त बाजूला पोचतो. म्हणजे पूर्ण बसायचा तो बॉल २० अंशांहून जास्त कापला जातो. मग पांढरा बाजूला पळतो आणि रॅकला मिळायचा धक्का त्याच्यासोबत निघून जातो. जोर चौपट केला तरी ती चूक भरून निघत नाही, उलट पांढरा आणखी लांब पळतो.

म्हणून सुरुवात ७० टक्के जोरावर करा. आपल्या सगळ्यांत जोरदार ब्रेकच्या तीन चतुर्थांशाहून किंचित कमी. पांढरा टोकाच्या बॉलवर पूर्ण बसला तर तो रॅकवरून थोडा मागे येऊन टेबलाच्या मध्यात थांबतो. हीच खूण. मध्यात थांबलेला पांढरा म्हणजे पुढचा शॉट दिसण्याची सगळ्यांत जास्त शक्यता, आणि कोपऱ्याच्या पॉकेटांपासून सगळ्यांत दूर. पांढरा पुढे जात असेल तर टिप मध्याच्या वर लागते, खाली आणा. फार मागे, हेड रेलकडे येत असेल तर जास्त खाली लागते.

उभं राहणं नेहमीपेक्षा थोडं रुंद. मागचा हात क्यूवर पाचसात सेंटीमीटर मागे घेतला तर झोका लांब होतो, पण टिप भरकटायला लागली तर परत पुढे घ्या. शरीर पुढे झोकायचं असेल तर ते टिप लागल्यानंतर. आधी खांदा उचलला की टिप वर जाते, पांढऱ्याला टॉपस्पिन लागतो. साइड (टिप मध्याच्या डाव्या-उजव्या बाजूला लावून दिलेली फिरकी) अजिबात देऊ नका. साइड दिल्यावर पांढरा नेमाच्या रेषेवरून हटतो आणि मघाचा १ अंश इथेच गमावला जातो.

स्नूकरवरून आलेल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. स्नूकरचा ब्रेक रॅकच्या कोपऱ्यावर हलका, पांढरा परत बॉल्कमध्ये (टेबलाच्या ब्रेक मारायच्या टोकाकडच्या भागात) आणण्यासाठी असतो. तो हात पूलमध्ये चालत नाही. ८-बॉलमध्ये एकही बॉल पॉकेटात गेला नाही तर निदान चार बॉल कुशनला लागले पाहिजेत, नाहीतर ब्रेक बेकायदा. ९-बॉलमध्ये तो थेट फाउल आणि समोरच्याला बॉल इन हँड. ९-बॉलच्या काही स्पर्धांत तीन गुणांचा नियमही असतो: पॉकेटात गेलेले आणि हेड स्ट्रिंगपर्यंत आलेले मिळून निदान तीन बॉल हवेत. हळू ब्रेकने विंग बॉल घालून डाव चालवणाऱ्यांना रोखण्यासाठीच तो नियम आला. स्पर्धेचं पत्रक वाचूनच जोर ठरवा.

ब्रेक क्यू वेगळा ठेवत असाल तर त्याची टिप कडक असते, फिनॉलिक किंवा दाबलेल्या चामड्याची. कडक टिप चॉक कमी धरते, म्हणून प्रत्येक ब्रेकआधी चॉक. वजन जास्त म्हणजे ब्रेक जोरात हा समज चुकीचा आहे. ज्या क्यूने पांढरा सारखा मध्यात थांबतो तोच बरोबर, भले तो आपला नेहमीचा क्यू असो.

१०. ब्रेकनंतर पहिले दहा सेकंद

इथे घाई करून जिंकलेला ब्रेक घालवला जातो.

८-बॉलमध्ये बॉल पॉकेटात गेला तरी टेबल उघडंच राहतं. सॉलिड गेला म्हणून सॉलिड आपले होत नाहीत. ब्रेकवर ८ गेला तर तो फाउल नाही. ब्रेक मारणारा ८ परत स्पॉटवर ठेवून खेळू शकतो किंवा पुन्हा रॅक मागू शकतो. ब्रेक बेकायदा झाला तर समोरच्याला निवड असते: टेबल आहे तसं स्वीकारायचं, स्वतः नव्याने ब्रेक मारायचा, किंवा तुम्हालाच पुन्हा मारायला लावायचं.

९-बॉलमध्ये कायदेशीर ब्रेकवर ९ गेला तर रॅक जिंकला. १०-बॉलमध्ये १० गेला तर तो परत स्पॉटवर येतो आणि खेळ चालू राहतो. या दोन नियमांची अदलाबदल करून हात मिळवायला निघालेले खेळाडू दरवर्षी दिसतात.

९ आणि १०-बॉलमध्ये ब्रेकनंतरच्या पहिल्या शॉटवर पुश आउट (पांढरा कुठल्याही बॉलला न लावताही हवा तिथे सरकवायची मुभा) मिळतो, पण तो मारण्याआधी मोठ्याने सांगावा लागतो. न सांगता पांढरा बाजूला सरकवला तर तो साधा फाउल.

११. सराव: एकावेळी एकच बदल

वीस ब्रेक मारा आणि प्रत्येकाची एक ओळ वहीत लिहा. ओळ अशी असावी:

"७ वा. ९-बॉल, उजवीकडून, मध्यम जोर. २ बॉल आत. १ डाव्या मधल्या पॉकेटच्या अलीकडे. पांढरा मध्यावर, हेड रेलकडे वीतभर."

वीस ओळी झाल्यावर नमुना आपोआप दिसतो. १ नेहमी मधल्या पॉकेटच्या पुढच्या जबड्यावर आपटत असेल तर पांढरा मूठभर बाजूला सरकवा, नेम बदलू नका. विंग बॉल पॉकेटच्या एकाच बाजूला चुकत असेल तर रॅक तिरका लागतोय का ते आधी बघा, मग पांढरा. पांढरा सारखा डावीकडे जात असेल तर टिप मध्यावर लागत नाही.

जोर वाढवायचा तर वीसपैकी पंधरा ब्रेकमध्ये पांढरा मध्यात थांबल्यावरच, आणि तेही थोडाच. जोर वाढल्यावर पांढरा पुन्हा पळायला लागला तर एक पायरी खाली या आणि त्याच जोरावर आणखी वीस मारा. प्रत्येक सत्राआधी रॅक तपासून घ्या, नाहीतर वहीतली निम्मी नोंद फटींची असेल.